पत्ता उचलताना

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन वाटी परत द्यायला आल्या, तर मीच हौसेनं म्हटलं, एक जादू बघा. कशाला म्हटलं!

दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलायचे, एवढीच हातचलाखी. केबिन रोडवरून पत्त्यांचा कॅट आणला त्याला तीन महिने झाले. रोज कपाटाच्या आरशासमोर बसून करतोय. सुधा गेल्यापासून संध्याकाळी दुसरं काय करणार? आरशात तो दुसरा पत्ता मला एकदाही दिसला नाही. जमलं, म्हटलं.

हंसाबेन हसल्या. "दो उठाये ना, भाईसाब? और उठाते टाइम आँख क्यों बंद करते हो?"

डोळे? मी मिटतो? ऐन त्याच वेळी? म्हणजे तीन महिन्यांत फसलो तो मीच एकटा. गाढव!

त्या गेल्यावर पुन्हा आरशासमोर बसलो, डोळे ताणून. आता मिटले की नाही? कळेचना. स्वतःचे मिटलेले डोळे आरशात दिसतात थोडेच!

सुधा मागे पलंगावर मेथी निवडत बसलेली असती, तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, "अहो, डोळे काय मिटताय?"