चांगला नव्हे, चांग ला

प्राजू,

शेजारच्या वत्सलाबाईंबरोबर वणीच्या गडावर चाललेय. तू लडाखला निघण्याआधी देवीच्या कानावर घातलेलं बरं. डब्यात मेथीची भाजी आहे. टेबलावरचे ते पाने-पक्कड आधी उचल, तिथे माणसं जेवतात.

तू भिंतीवर लावलेला नकाशा आज नीट पाहिला. एका घाटापुढे 'चांगला' लिहिलेलं दिसलं. म्हटलं चला, एक तरी रस्ता बरा आहे. तर पप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, चांगला नव्हे, चांग ला. तिकडे 'ला' म्हणजे खिंड. सतरा हजार फुटांवर आहे ती."

तुझ्या बाइकवरून महिनाभर अबोला धरलेल्या माणसाला हे कुठून कळलं? सकाळी दूधवाल्यालाही ऐकवत होते, "पोरगी स्वतः चालवत जाणार, मागे बसून नाही!" मी ऐकलंय हे त्यांना ठाऊक नाही. तूही दाखवू नकोस. मी मात्र आज गाडीभर सांगत जाणार आहे.

दुपारी त्यांच्यासोबतच जेव. रस्ता कसा आहे, असं विचारतीलच. नुसतं 'चांगला' म्हण. त्यांना आता दोन्ही अर्थ कळतात.

आई