दर्यापूर गाडीचे मागचे दार

ता. ४ एप्रिल १९६१, अकोला
आमच्या कारखान्याची चौथी बस आज पास झाली. चेसिस नवी, बॉडी आमची. सागाची चौकट, वर पत्रा. बॉडी नियमाप्रमाणे असल्याचा फॉर्म मी, कारकुनाने, भरला; खाली सहीही माझीच. मालक म्हणतात, अक्षर चांगले आहे. तपासणीचे नवे साहेब पुण्याकडचे. मागचे संकटकाळचे दार त्यांनी तीनदा उघडून पाहिले. "छान. असंच हवं."
साहेब गेल्यावर गणपत मिस्त्रीने दाराची मूठ काढली, दोन बोल्ट आवळले, वरून रंग. मूठ खिळ्यावर, पुढच्या पासिंगसाठी. गाड्या चार, मूठ एकच.

ता. ५
मिस्त्रीला विचारले, दार बंद का करायचे?
"अरे, पोट्टे उघडतेत चालत्या गाडीत. मांगं एका बाईचं गठुडं पडलं, तं सर्व्हिस मोटारवाल्यानं आपल्यालेच शिव्या देल्या. गिऱ्हाईक म्हन्ते बंद पाह्यजे, तं बंद."

ता. ११
साहेबांनी ऑफिसात बोलावले. वाटले, कळले. जिना चढताना दोनदा थांबलो. त्यांना फक्त माझे अक्षर हवे होते! बॉडी बांधणाऱ्यांसाठी नियम, सात प्रती. कलम ४: मागील दार आतून व बाहेरून, कोणत्याही अवजाराशिवाय, उघडले पाहिजे. सात वेळा लिहिले. खाडाखोड एकही नाही.
एक प्रत आमच्याही भिंतीवर लागली. मुठीच्या खिळ्याशेजारी.

ता. १९
नांदगाव खंडेश्वरकडे एक सर्व्हिस मोटार नाल्यात कलंडली. आमची नव्हे. पुढचे दार चिखलात दबले, लोक मागच्या दाराने निघाले. सगळे वाचले. मिस्त्री मजेत सांगत होता. मला चहा गेला नाही.

ता. २०
धीर करून मालकांना म्हणालो, चारही गाड्यांना मुठी बसवून घेऊ.
"कावून? कोनी मेलं का?" मग हळू आवाजात, "हे पाय वसंता, कागदावर सही तुही आहे. माही नाही."
दिवसभर तेच डोक्यात. बाकी काही सुचत नाही.

ता. २७
धाकट्या बहिणीचे, कुसुमचे लग्न लागले. सासर दर्यापूर. वऱ्हाड परत निघाले ते आमच्याच पहिल्या गाडीने, ती त्याच रस्त्यावर धावते. आई रडत होती. मी टायर पाहत होतो. खिशात पाना घालून मीही चढलो, अगदी मागच्या बाकावर बसलो.
कंडक्टर ओरडला, "कावून बे, नवरीसंगं तू बी नांदाले चाल्ला का?" सगळे हसले. कुसुमही.
पूर्णेच्या उतारावर गाडी एका अंगाला झुकली. बायका ओरडल्या. बोल्टला पाना लावला. फिरेना. रंगात घट्ट बसलेला. दोन्ही हातांनी जोर केला, तरी नाही. तेवढ्यात गाडी सरळ झाली.
तळहात सोलला. कुसुमचे सासरे म्हणाले, "साळेबुवाले गाडी लागली वाटते. लिंबू द्या रे त्याले."

ता. २८
त्याच गाडीने परत आलो. पुढच्या दाराजवळची जागा धरली. एक म्हातारी उभी होती, तरी उठलो नाही. लाज वाटते.

ता. ३ मे, दु. ३
पाचव्या बसचे पासिंग. साहेब सकाळी कारखान्यातच आले. मूठ फिरवली, दार उघडले, भिंतीवरचा कागद वाचला. मग सहज विचारले, "आधीच्या गाड्यांनाही असंच आहे ना?"
मालकांनी माझ्याकडे पाहिले. मिस्त्रीनेही.
म्हणालो, "साहेब, दर्यापूर गाडी चार वाजता स्टँडवर येते. आपण स्वतः उघडून पाहावं." आवाज माझा वाटला नाही.
साहेबांनी घड्याळ पाहिले. "तूही चल. जेवून येतो, साडेतीनला जीप पाठवतो."
ते जाताच मालकांनी खूण केली. मिस्त्री तीच मूठ काढून घेऊन सायकलवर निघाला, गाडी वाटेतच गाठायला. बोल्ट निघाले तर दार उघडेल, आणि साहेबांपुढे मी खोटा. नाही निघाले तर दार बंदच, आणि सही माझी आहे.
मालक समोर बसून आहेत. मी काय लिहितो आहे ते विचारत नाहीत. बाहेर जीपचा हॉर्न