आबांची दुनळी आणि चॅ.ची परीक्षा

१२ सप्टें., शुक्र.
आज्याला साहेबाने दिलेली बंदूक घरी आली एकदाची. आबांच्या वयामुळे लायसन अडकलं होतं, माझं नाव जोडल्यावर सुटलं. इतकी वर्षं जोयड्याच्या ठाण्यात पडून होती बिचारी. जीपमध्ये आबांनी ती मांडीवर आडवी धरलेली, कुणाच्या हातात दिली नाही. माझ्याही नाही. घरी येऊन पाटावर ठेवली, आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाले, "औंदा राखणीचा पयला बार माझा."
सुमन (आमची सौ.) माझ्याकडे बघत राहिली. वडील चौऱ्याऐंशीचे. कपबशी धरली की बशी वाजते. पण आमच्या गावात भाताची राखण सुरू होते ती दसऱ्याला, दिवस बुडताना, आमच्या बांधावरून हवेत बार निघाला की. मग माणसं शेतातल्या माळ्यावर चढतात, डुकरं आणि गवे यायच्या आत. बंदूक ठाण्यात होती तेव्हा दुसऱ्या घराने बार काढला. त्या संध्याकाळी आबा जेवायचे नाहीत.
पूर्वी पितळी काडतुसांत काळी दारू स्वतः भरायचे. ती आता मिळत नाही. बेळगावहून नवी आणली, लालभडक. दसरा २ तारखेला.

१४ सप्टें.
वर्षाने (लेक, बेळगावला असते) मागच्या खेपेला फोनमध्ये चॅटबॉट घालून दिला. "बाबा, काहीपण विचारा, सांगतो." काहीपण? बघू. यापुढे चॅ. लिहीन, लांब शब्द नको.
रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर. तिथे छत्री घेऊन बसलो.
जन्म कंडक्टरकीत गेला. थाप मारणारा मला तिकिटाच्या आधी कळतो. "कुठं चढलास?" म्हटलं की फार लवकर आणि फार जास्त उत्तर देतो. इथे तोंड दिसत नाही ही अडचण. तरी बंदुकीवरच परीक्षा घ्यायची ठरवली, कारण दुसऱ्या कशातलं मला तरी काय कळतं?
पहिला प्रश्न मुद्दाम वाकडा. "बारा बोअर म्हणजे नळी बारा मिलिमीटर रुंद, बरोबर ना?"
नाही म्हणाला. नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची, तशा बारा गोळ्यांचं वजन एक रत्तल (पौंड), म्हणून बारा. आबांनी मला लहानपणी हेच सांगितलं होतं. अक्षरशः हेच.
पास. पण एका प्रश्नावर कुणी पास होत नसतो.

१५ सप्टें.
पाऊस उघडला तेवढ्यात पुन्हा कातळावर. दोन घोडे बाहेर असलेली बंदूक, दोन चाप, कुठली नळी कशाला? म्हणाला, बहुधा उजवी जवळच्याला, डावी तोंडाशी जरा आवळलेली असते, छर्रा लांबवर एकत्र जावा म्हणून. पण जुन्या बंदुकीत मोजल्याशिवाय खात्री धरू नका.
हे "पण" मला आवडलं. बसमध्ये असं "पण" कुणी म्हणत नाही.
मराठी मात्र छापील. लग्नपत्रिका वाचल्यासारखं वाटतं.

१८ सप्टें.
आज डाव टाकला. फोटो पाठवले आणि लिहिलं: आमची बंदूक विलायतेच्या राणीच्या कारागिराने बनवली, सोन्याचं काम होतं ते झिजलं, तुमचं काय मत?
वाटलं होतं, वा वा म्हणेल. म्हणाला, घडण जुनी आणि सुबक दिसते, घरात अशी आठवण जपली आहे हेही मोलाचं आहे, पण फोटोत सोन्याची खूण दिसत नाही, आणि कारागीर कोण ते यावरून मला सांगता येत नाही.
दुसऱ्या वाटेने विचारलं. तिसऱ्या वाटेने विचारलं. शेवटी दम दिला, मी स्वतः बंदुकीचा मिस्त्री आहे म्हणून. तेच उत्तर, जरा जास्त अदबीने.
मानलं गड्याला. तोंडावर गोड बोलून थाप न मारणारं माणूस मला नोकरीत फार थोडं भेटलं.

२० सप्टें.
चॅ. आज पडला! नळीच्या बुडाशी लाल डाग दिसतात, गंज असू शकतो, म्हणाला. अरे बाबा, ते कुंकू. खंडेनवमीचं. खाचेत बसलंय वर्षानुवर्षं.
मोठ्याने हसलो. खाली शाळेच्या नळावर सुमन भांडी विसळत होती, तिला वाटलं मला काही झालं.
लिहिलं त्याला. न रुसता "माझी चूक झाली" म्हणाला, आणि वर मलाच विचारलं: पूजेच्या आधी बंदूक कशाने स्वच्छ करता?
चिंच आणि राख, दुसरं काय. देवाची तांब्या-पितळेची भांडी घासताना बंदूकही घासायची. आई घासायची, आता सुमन. नळी कशी आरशासारखी लख्ख! गावात तेवढी लख्ख कुणाची नाही.
त्यावर त्याने जे लिहिलं ते वाचून हसू गेलं. जुन्या नळ्यांवर मूळचा तपकिरी रंग असतो, तो घासून गेला की आतली वीण दिसेनाशी होते. नळी एकसंध पोलादाची की लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, हे वरून ओळखता येणार नाही. राख पोचली नाही अशी जागा बघा. नळीखालचं लाकूड काढा.
इतक्या वर्षांत ही बंदूक किती जणांनी हातात घेतली. पोलीस, मिस्त्री, पाव्हणे. कशाने घासता, हे कुणी विचारलं नव्हतं.

२१ सप्टें.
आबा दुपारी पडले होते. उठल्यावर म्हटलं, नळीखालचं लाकूड जरा काढून दाखवा. का, म्हणून विचारलं नाही. अंगठ्याने खटका दाबला न् लाकूड हातात. तेवढ्यापुरता हात थरथरला नाही, हे लिहून ठेवतो.
खाली नळी काळपट तपकिरी. आणि तिच्यावर वीण, घोंगडीच्या पोतासारखी, बारीक बारीक वेटोळी. बुडाशी छाप, अंडाकृती, वर मुकुट.
सुमन पुढे वाकली. "अगं बया. म्या एवढी वर्सं ह्येच घासून काढलं व्हय?"
आबा बोटाने वीण चाचपत बसले.
इतकी सुंदर वस्तू घरात होती आणि आम्ही ती घासून पांढरी केली. वाईट वाटलं. तरी ती उरली, याचा आनंदही झाला.

२२ सप्टें.
वीण आणि छाप यांचे फोटो पाठवले. चॅ.चं उत्तर. ही पिळाची नळी, दमास्कस म्हणतात. छाप बेल्जियमचा वाटतो, विलायतेचा नाही, तरी ठाम म्हणायला आणखी स्वच्छ फोटो हवा. अशा नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या. आजच्या काडतुसांचा दाब त्यांना सोसेलच असं नाही. पिळाच्या सांध्यात आतून गंज धरतो, तो बाहेरून दिसत नाही. नळी फुटते ती बहुधा तिला धरलेल्या डाव्या पंजापाशी. जाणत्या मिस्त्रीने मोजून तपासल्याशिवाय एकही बार काढू नका.
विचारलं, एकच काढला तर? फक्त हवेत? म्हातारा माणूस आहे, मानाचा बार आहे.
म्हणाला, मान मी समजू शकतो, पण नळीला मान कळत नाही. तुम्हाला आवडेल म्हणून मी सुरक्षित म्हणणार नाही.
फोन खिशात टाकला. परीक्षा घ्यायला गेलो मी, आणि आता पेपर माझ्यापुढे.

२४ सप्टें.
बेळगावच्या मिस्त्रीला फोन. दिवाळीनंतर आणा म्हणतो, सणात दुकान बंद.
आबांना सांगितलं. म्हणजे, चॅ. असं म्हणतो, असं सांगितलं.
"त्या फोनानं खांद्याला धक्का खाल्लाय कदी?"
"न्हाई, आबा."
"मग त्येला काय ठावं."
बेल्जियमचंही सांगितलं, तेही आत्ताच, माझी अक्कल. आबा म्हणाले, "सायेब इंग्लिश हुता. बंदूक कुठली का असंना. माझ्या बापानं त्येचं बिऱ्हाड डोईवर वाहिलं अख्ख्या रानातनं, तवा दिली त्येनं."


२७ सप्टें.
आबा स्वतः कातळावर आले. काठी, माझा खांदा, मधे दोनदा बसले. मी बटण दाबून फोन तोंडापुढे धरला.
"काय रं, माझी बंदूक फुटंल म्हणतुस व्हय?"
चॅ. म्हणाला, फुटेलच असं मी म्हणत नाही. फुटणार नाही असंही म्हणू शकत नाही. तुम्ही तिच्यात आजवर काय भरलंत ते सांगाल का?
आबा सांगत गेले. दारूचं माप, वर काथ्याचा बोळा, छर्रा, मेणाने तोंड बंद. चॅ. मधे मधे नेमकं विचारायचा, बोळा किती घट्ट, दारू ओल्या दिवसांत कशी सांभाळायचा. मला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना, मीसुद्धा.
शेवटी म्हणाला, तुमच्या मोजून भरण्यामुळेच ती आजवर टिकली असेल. नवी काडतुसं मात्र तुम्ही भरलेली नाहीत.
उतरताना आबा म्हणाले, "हुशार हाय गा." मी खूश. घराच्या पायरीशी आल्यावर, "काडतुसं कुठं ठिवलीस?"
माझ्या पेटीत, म्हणालो. बरं, म्हणाले. तेवढंच.

३० सप्टें.
बुधवंत (गावचे मानकरी) येऊन गेले. "काका, औंदा तुमीच न्हवं?" आबा "व्हय" म्हणाले, कसं ताठ बसून. मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेलो.
सुमन आत पुटपुटली, "तुमी का बोलत न्हाईसा? फोन बोलतोय त्येवढं."

१ ऑक्टो., खंडेनवमी
बंदूक या वर्षी घासली नाही. सुमनने नुसत्या फडक्याने पुसली, तेलाचा हात दिला. गंध, हळद-कुंकू, झेंडू. कोयता, नांगराचा फाळ, माझी जुनी तिकिटाची पेटी, सगळं शेजारी मांडलं.
आबांनी नमस्कार केला, आणि उठताना माझ्यापुढे हात पसरला. "काडतुसं दे. आजच भरून बघतो बसत्यात का."
म्हटलं, चॅ. म्हणतो...
"त्येनं काय म्हटलं ते म्या ऐकलं. माझ्या कानानं ऐकलं. तुझं काय म्हणणं?"
गाडीत दारुड्यांना खाली उतरवलंय, गुंडांना उतरवलंय, कुणापुढे आवाज बसला नाही. शेवटी म्हणालो, "आबा, मला भ्या वाटतंय. तुमच्या हाताचं. तुमचं."
आबा हात तसाच धरून उभे होते. मग तोच हात माझ्या गालावरून फिरवला, खरखरीत, आणि आत जाऊन पडले. देतो की नाही, ते ठरलंच नाही.

२ ऑक्टो., दसरा
सोनं वाटून झाल्यावर सगळे बांधावर. आबा बंदूक घेऊन पुढे, काठी नको म्हणाले. काडतुसं मागितली नाहीत. माझ्या खिशात होती, ऐन वेळी मागितली तर काय करायचं ते ठरत नव्हतं. भात पिवळं झालेलं, कणसं जड. बुधवंत म्हणाले, "हं काका, काडा बार."
आबांनी बंदूक उघडली, सगळ्यांना दिसेल अशी, रिकामी. परत मिटली. आणि खणखणीत आवाजात, "औंदा न्हाई. माझ्या पोराला भ्या वाटतंय."
पोराला! पोर आता पेन्शन खातंय. सगळा गाव हसला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझे कान तापले, आणि डोळेही भरून आले, खोटं कशाला लिहू.
मग बुधवंतांनीच लांब हाळी देऊन कुकारा घातला, पोरांनी डबे बडवले, आणि माणसं माळ्यांकडे निघाली. राखण सुरू झाली.
परतताना उतारावर आबा थांबले. बंदूक माझ्याकडे दिली. "धर. तोंड खाली. खांद्यावर नगं." एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं.

५ ऑक्टो.
चॅ.ला सगळं कळवलं. धन्यवाद म्हणालो. तो म्हणाला, निर्णय तुमच्या वडिलांचा होता. हे खरंच आहे, तरी त्याचा वाटा मी विसरणार नाही.
आबा सकाळपासून अंगणात, कधी नाही ते बोलत होते. मिस्त्री काय काय मोजतो, कसं मोजतो. मग एकदम, "त्यो बरी हाय म्हणाला, तर फुडल्या दसऱ्याला म्या."
"व्हय, आबा," म्हणालो.
मिस्त्री नाही म्हणाला तर काय, ते त्यांनी काढलं नाही. मीही नाही.