ओमतीच्या सिग्नलवर डावी टाच

रविवार, संध्याकाळ

बूट पेडलला अडकवून सायकल चालवायचा आज पहिला दिवस. टाच बाहेर फिरवली की बूट सुटतो, हे सकाळी मीच बाबांना समजावलं होतं. ओमती चौकातल्या सिग्नलवर थांबले, डावी टाच फिरवलीच नाही, सायकलसकट आडवी. मागून स्कूटरवर येणारे बाबा धावले, रस्त्यातच बसून माझी टाच सोडवू लागले.

समोरचा दुकानदार हसत म्हणाला, "दीदी, अंकल आपके साथ हैं?"

"नहीं."

काहून म्हटलं मी असं? लाज पडल्याची होती, बाबांची नव्हती. की होती?

बाबांनी ऐकलं. तरी टाच नीट फिरवून सोडवली आणि म्हणाले, "संभलकर चलाइए, मैडम."

माझ्याशी ते कधीच हिंदी बोलत नाहीत. आता जेवायला हाक मारून राहिले, मराठीत.