तुमच्या गाडीचा ठेका

बाबा, तुमची मोटरसायकल काल चालू झाली. तुम्ही गेल्यावर वर्षभरात तिचं इंजिन जाम झालं आणि तेव्हापासून ती मयूर विहारच्या आपल्या सोसायटीत जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती. आनंदानं लिहायला बसले आहे असं समजू नका. दमले आहे मी. कंबर धरलीय, नखांतलं ऑइल काही केल्या निघत नाही, आणि आई कालपासून माझ्याशी नको इतकं गोड बोलतेय. तिचं हे गोड बोलणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सगळं सुरू झालं ते तिच्या कानांमुळे. डावा कान गेल्यातच जमा आहे, आणि उजवाही आता फार साथ देणार नाही म्हणाले डॉक्टर. मशीन आणलंय, पण ते बहुतेक डबीतच असतं. "त्यात सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटतात," म्हणते. दवाखान्यातून परत येताना ऑटोत माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांच्या गाडीचा आवाज एकदा ऐकव गं मला. मग गेले कान तर जाऊ देत." आई कधी काही मागत नाही. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले.

आणि तिला ऐकायचं काय होतं, तेही मला पक्कं माहीत होतं. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर. संध्याकाळ झालीय, मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून गणितं सोडवतेय आणि आई कणीक मळतेय. बाहेर रस्त्यावर ऑफिसं सुटलेल्यांच्या स्कूटरी आणि मोटरसायकली, नुसता गोंगाट. त्यातच आई मान वर न करता म्हणते, "आले." लगेच तवा गॅसवर. तुम्ही जिना चढून, हातपाय धुऊन पानावर बसता तेव्हा पहिली पोळी ताटात पडलेली असते. कधी म्हणून तिचा अंदाज चुकला नाही. शेजारच्या आंटी एकदा म्हणाल्या, "आपको पता कैसे चल जाता है?" तर आई म्हणाली, "बस, सुनाई देता है," आणि चक्क लाजली.

तुम्ही मला गाडी शिकवलीत ती हिंदूराव हॉस्पिटलच्या चढावर, रविवारी सकाळी. मागे तुम्ही बसलेले आणि शेजारून एकेक फुटकळ स्कूटर आपल्याला मागे टाकून जातेय. माझा असा संताप झाला की मी ॲक्सिलरेटर पिळला. तुम्ही खांद्यावर टपली मारलीत. "कुठे आग लागलीय? तिला झेपेल तेवढंच माग तिच्याकडे." घरी येईपर्यंत मी फुगून बसले होते. संध्याकाळी तुम्ही रुमालात गुंडाळलेला प्लगचा पाना माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "चालवायची असेल तर उघडताही आली पाहिजे." राग तिथल्या तिथे गेला. पण स्कूटरी पुढे गेल्याचं मात्र मनातून गेलं नाही, इतक्या वर्षांनीसुद्धा.

म्हणून तर घोटाळा झाला. इंजिन उघडलं तेव्हा ते होतं तसं दुरुस्त करून बंद केलं असतं, तर आईला हवा तो आवाज मिळाला असता. पण करोलबागेतला मिस्त्री, ज्याच्याकडे मी सामान आणायला जायचे, तो म्हणाला, "मैडम, खोल ही दिया है तो थोड़ी जान डाल दो इसमें." आणि मला तेच हवं होतं. मोठा पिस्टन घातला. त्यासाठी सिलिंडर आतून कोरून रुंद केला. वरून फ्लायव्हीलही लेथवर तासून हलकं केलं. फ्लायव्हील म्हणजे ते इंजिनातलं जड लोखंडी चाक. त्याच्या वजनावर तुमची गाडी सावकाश, दम घेत घेत धडधडायची. हलकं केलं की इंजिन झटकन उचल खातं. बरं, आता दिल्लीत पंधरा वर्षांवरची जुनी गाडी रस्त्यावर काढली तर सरकारी माणसं उचलूनच नेतील. जी गाडी गेटबाहेर काढता येत नाही, तिच्यासाठी मी पळायचं इंजिन बांधत होते! रिटायर झाल्यावर नाशिकला नेईन आणि घाटात चालवीन, असं स्वतःला सांगत होते.

जोडणी मात्र सगळी मी केली, आपल्या स्वयंपाकघरात. इंजिनाचं आवरण आईच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये तापवलं आणि बेअरिंगं फ्रीजरमध्ये मटारांशेजारी गार केली, म्हणजे ती अलगद आत बसतात. आई दारात उभी राहून बघत होती. "आता त्या ओव्हनमधला केक मला देऊ नकोस हं, बाई." पण रोज विचारायची, "झालं का गं?" ऑफिसातून येऊन मी रात्री जेवायच्या आधी तासभर बसायचे आणि डोळे मिटायला लागले की उठायचे. आज करू, उद्या करू करता करता उन्हाळा संपला.

काल सकाळी ती मशीन लावून बाल्कनीत येऊन बसली. मी खालून हात केला आणि किक मारली. दोनदा किकनं माझा पाय उलटा फेकला. तिसऱ्यांदा गाडी पेटली आणि अशी काही गरजली की शेजारच्या कारचा अलार्म वाजायला लागला. गार्ड धावत आला, "अरे मैडम, ये क्या है!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! धापा टाकत वर गेले. गॅसवर तवा नव्हता. आई म्हणाली, "छान झालीय गं. जोर आहे चांगला." मग म्हणाली, "पण कोण आलं ते कळेना."

दुपारभर खाली बसून होते. नवा सायलेन्सर काढून तुमचा जुना लावला, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून फिरवून वेग कमी केला. वेग उतरला की इंजिन बंद पडतं. तासलेलं लोखंड परत कुठून आणू? असलं चाक पुन्हा मिळेल, सिलिंडरही मिळेल, पण तोवर आईचा कान थांबेल का? शेवटी वर जाऊन तिलाच विचारलं, नेमका कसा होता आवाज. तिनं मशीन काढून डबीत ठेवलं, डोळे मिटले आणि लाटणं पोळपाटावर आपटायला लागली. धप्. मग एवढा वेळ काहीच नाही की वाटावं, बंद पडली. पुन्हा धप्. मग दोन लागोपाठ. "हा वळणावरचा," म्हणाली, "आणि हा जिन्याखाली आल्यावरचा." तिच्या चेहऱ्याकडे बघवेना मला. "हाच ना गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो आई, अगदी हाच." मग तिनं माझ्यासाठी तवा ठेवला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मला तो आवाज ओळखूच आला नाही, बाबा. तुमची गाडी कशी वाजायची ते मला आठवत नाही. मी बहुतेक ती कधी ऐकलीच नाही. आई "आले" म्हणायची, तेवढंच ऐकून मी दार उघडायला पळायचे.