उजळणीची पेटी कोणाकडे जावी

घडले ते असे:

१. पाच वर्षांपूर्वी मावशी आणि मी आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, अडकलो.

२. सुटका करायला आलेला मेकॅनिक आदल्या वर्षी माझ्याच वर्गातून पहिला आला होता. लिफ्ट दुरुस्तीच्या अभ्यासक्रमात सुटकेचा धडा मीच शिकवते.

३. दाराच्या फटीतून त्याने विचारले, "आत कोण आहे?" मी सांगितले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही? देवच पावला! आता आधी काय करायचं?"

४. मी म्हटले, आधी मेन स्विच बंद कर. तो गच्चीवरच्या यंत्रखोलीत धावत गेला, स्विच बंद करून धावत खाली आला. "झालं. आता?" असे सात वेळा झाले.

५. सत्तेचाळीस मिनिटांनी आम्ही बाहेर आलो. तोवर मावशीची स्वेटरची एक बाही विणून झाली होती. तिने त्याला पाणी दिले आणि मला म्हणाली, "अगं, तू याला शिकवलंस तरी काय?"

६. त्याच आठवड्यात मी उजळणीची पेटी सुरू केली.

सबब मी, लिफ्ट तंत्रज्ञ आणि निदेशिका, वय एकतीस, प्रकृती ठणठणीत, डोके ठिकाणावर (डॉक्टरांचा दाखला जोडला आहे), कोणाच्याही भिडेला न पडता हे मृत्युपत्र लिहिते. मरायचा बेत नाही. दोन जूनपासून चौदा महिने एका प्रवासी जहाजावरच्या नऊ लिफ्ट मी सांभाळणार आहे, आणि मृत्युपत्र दिल्याशिवाय कंपनी जहाजावर चढू देत नाही. ही नोकरी मला फार दिवसांपासून हवी होती. आनंद झाला आहे, तशी नोंद असावी.

कलम १. चौथ्या मजल्यावरच्या घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक मावशीला. आईच्या माघारी तिनेच मला वाढवले. शिल्लक तिने अडीअडचणीसाठी राखून ठेवू नये. ती मग अडचणी शोधत बसते. तिला समुद्र पाहायचा आहे. पाहावा.

कलम २. मल्टिमीटर, पान्यांचा संच आणि चामडी पिशवी वर उल्लेखिलेल्या मेकॅनिकला. सगळे त्याला अजून 'जिनेवाला' म्हणतात. आता तो स्वतः चार जणांना हाताखाली शिकवतो आणि सुटकेच्या पायऱ्या विचारल्या तर झोपेतही सांगतो. पिशवीचा बंद तुटका आहे. त्याने तो तारेने बांधू नये.

कलम ३. उजळणीची पेटी. लाकडी, पाच कप्प्यांची: उद्या, आठवडा, महिना, सहा महिने, वर्ष. आत त्रेसष्ट कार्डे आहेत, एक सोडून सगळी माजी विद्यार्थ्यांची. ज्याचा दिवस येईल त्याला फोन करून एकच प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आले तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले तर पहिल्यात. पहिला कप्पा ही शिक्षा नव्हे. "एवढंही येत नाही?" हे वाक्य पेटीजवळ उच्चारू नये.

लोक फोन उचलतात. एका मुलीने स्वतःच्या लग्नात उचलला, उत्तर दिले आणि विचारले, "मॅडम, आता जाऊ?" उत्तर बरोबर होते. कार्ड पुढे सरकवले, मग अभिनंदन केले.

ही पेटी माझ्या मरणाची वाट पाहू शकत नाही. रोज कोणाचा ना कोणाचा दिवस असतो. चौदा महिने कोणी विचारले नाही, तर त्रेसष्ट जण पुन्हा जिने चढू-उतरू लागतील, आणि तेव्हा आत मावशी असेलच असे नाही, घाबरलेले कोणीतरी असेल. म्हणून पेटी हयातीतच, एक जूनपासून, आमच्या संस्थेच्या मुख्य निदेशकांना द्यावी अशी माझी इच्छा आहे. ते या महिन्यात निवृत्त होत आहेत.

कलम ४. जुना हिशोब. पेटी सुरू केली तेव्हा हेच सर म्हणाले होते, "परीक्षा झाली, विषय संपला. पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतताय?" आणि पेटी मोडक्या खुर्च्यांखाली ठेवली. मी त्यांना चारचौघांत सुटकेची चौथी पायरी विचारली. तीस वर्षांचा अनुभव असूनही त्यांना ती आठवली नाही. प्रश्न योग्य होता, जागा चुकीची. ते आठ महिने माझ्याशी बोलले नाहीत. तो राग मी त्यांना माफ करते. माझी आगळीक त्यांनी माफ करावी.

नवव्या महिन्यात पेटीत एक चिठ्ठी सापडली. अक्षर त्यांचे होते: "माझंही कार्ड घाला. फोन दुपारी नको, झोपतो." त्रेसष्टांतले ते एक कार्ड. आज ते वर्षाच्या कप्प्यात आहे. सरांची परवानगी घेऊनच हे लिहिले. म्हणाले, "लिहा. मी विसरलो होतो हे पोरांना कळलं, तर ती तुम्हाला कमी घाबरतील."

कलम ५. मावशीला साक्षीदार म्हणून सही करायची होती. जिला मिळकत मिळते तिने साक्षीदार होऊ नये, हे तिला तीनदा सांगितले. चौसष्टावे कार्ड तिचे.

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे चष्मेवाले (सही)
२. दाखला देणाऱ्या डॉक्टर (सही)

लिहून देणार: (सही)
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल, चौथा मजला
दिनांक: १२ मे २०२५

मुख्य निदेशकांस,
सर, तुमच्या कार्डाचा दिवस २३ मे, शुक्रवार आहे. यंदा फोन करणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत दोन ओळी लिहून पाठवाव्यात: पहिलीत चौथी पायरी, दुसरीत पेटी घेता की नाही.