बाबांची चाळण आणि माझी जाळीची वात

मुहर्रम बे, अलेक्झांड्रिया
गुरुवार, दुपारच्या नमाजानंतर

दोनदा हज करून आलेल्या आणि आपल्या गराबली घराण्यात आता एकट्याच वडीलधाऱ्या उरलेल्या दौलतताईस धाकट्या फहमीचा सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब घालतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? नातीला मुलगा झाला हे कळलं तेव्हा मी इतक्या मोठ्याने अल्लाचे आभार मानले की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. बाळ गोरं आहे म्हणतेस, पण आपल्याकडे सगळीच बाळं पहिला आठवडा गोरी असतात. माझ्याकडे बघ.

रविवारी बाळाचा सातवा दिवस, त्याला चाळणीत हलवायचं, म्हणून शनिवारपर्यंत बाबांची चाळण दमनहूरला पोचलीच पाहिजे, असा तुझा निरोप तुझ्या भावजयीने, कौसरने, मला तीनदा वाचून दाखवला (माझा चष्मा माझ्याच नाकावर असताना). बाळाला प्लास्टिकच्या टोपलीत घालून हलवलंत तर मी त्या घरात पाणी पिणार नाही, हे तुझं वाक्य तिने चौथ्यांदाही वाचलं. ताई, तुझं अगदी बरोबर आहे. तू, मी, तुझी मुलं, माझी मुलं, सगळे त्याच चाळणीत हललो आणि सगळ्यांच्या कानाशी तोच पितळी खलबत्ता वाजला. चाळण सुखरूप आहे. तिच्याविषयी पुढे लिहितोच.

आधी माझी हकीकत. वसंतात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीशी धरला आणि म्हणाले, "फहमी आफंदी, ही छाती आहे की हमामाचं धुराडं?" चव्वेचाळीस वर्षांचा हुक्का त्या दिवशी सुटला. सुटला म्हणजे काय, मी घरी पोचेपर्यंत कौसरने त्याच्या काचेच्या भांड्यात पुदिना लावला होता. ताई, ज्या भांड्याची गुडगुड ऐकत मी शाळेतल्या शेख मबरूकांनी पाठ करून घेतलेली एकेक जुनी अरबी कविता, एकेक कसीदा आळवली, त्यातून पुदिना डोकावतो आहे, हे दृश्य कुणी कवीने पाहिलं असतं तर प्रेयसीच्या उजाड तळापाशी रडणारा कसीद्यांतला तो उंटस्वार सोडून त्याने माझ्यावरच लिहिलं असतं.

मग बिशोय भेटला. (माझी वरची कवळी त्यानेच बनवली आहे. दात बनवण्याचा धंदा सोडून आता त्याने वेपचं दुकान काढलंय, पण गिऱ्हाईक बोलताना अजूनही तो त्याच्या हिरड्यांकडेच बघतो.) त्याने मला एक यंत्र दिलं. अंगठ्याएवढी टाकी, तिच्यात अर्क, वर तारेचं वेटोळं, खाली बॅटरी. वात अर्क वर ओढते, तार तापते, वाफ होते. धूर नाही, निखारा नाही, गालिच्याला भोक नाही. हुक्क्यातल्या 'दोन सफरचंद' तंबाखूचा तोच जुना वास. पण आतलं तयार वेटोळं आठवड्यात जळायचं आणि बिशोय म्हणायचा, फेका, नवीन घाला. मी म्हटलं, बाबा रे, माझ्या बापाने उभ्या जन्मात फाटलेली चाळण फेकली नाही, मी हे कसं फेकू? तेव्हा त्याने कपाटाच्या तळातून एक जुनी टाकी काढली. हिची वात आणि वेटोळं स्वतःच्या हाताने करायचं असतं. आणि वात कापसाची नाही, ताई. पोलादी जाळीची. गुंडाळलेली.

जाळी! चाळण्या विणणाऱ्या गराबल्याच्या मुलाला!

दुकानात रोज संध्याकाळी वहीब इंजिनीअर बसलेले असतात. बंदरावर आयुष्य गेलं, निवृत्त झाले, तरी शिट्टी वाजवल्यासारखं बोलतात. म्हणाले, "अहो, जाळीची वात आता कोण करतं? कापूस कोंबा आणि मोकळे व्हा. तुम्ही एकतीस वर्षं ट्रामची तिकिटं फाडलीत, तुम्हाला कुठे जमायचं हे!" बिशोय हसला. मीही हसलो, पण ते हसू थेट बाबांच्या कारखान्यापर्यंत मागे गेलं. तुला आठवतंच, बाबा सगळ्यांच्या देखत म्हणायचे की या पोराच्या हाताला जाळी द्यायची नाही, याला शाळेत घाला. म्हणून मी शाळेत गेलो, कविता शिकलो आणि ट्रामच्या तिकीटखिडकीत बसलो. बाबांना त्यांच्या कसबासाठी सगळा मोहल्ला 'उस्ता' म्हणायचा. मला लोक म्हणायचे, सुटे द्या.

पहिली वात मी आपल्या घराण्याच्या रीतीने केली. म्हणजे जाळी ओढून ओढून अशी घट्ट गुंडाळली की बोटाने टिचकी मारली तर डफासारखी वाजावी. वाजली छान. पण अर्क काही केल्या वर चढेना. सुकी वात तापली आणि घशात जळक्या लोकरीचा ठसका बसला. बिशोय म्हणाला, "आजोबा, ही चाळण नाही. हिच्यातून काही गाळायचं नाहीये. मध्ये सुई जाईल एवढी पोकळी ठेवा, अर्काला चढायला जिना नको का?"

दुसरी वात सैल गुंडाळली. ती आधी गॅसवर लालबुंद करायची, पाण्यात बुडवायची, परत लाल, परत पाणी, असं सात-आठदा. मग ती काळीनिळी होते. इथे माझ्या रक्ताने घात केला. काळी जाळी गिऱ्हाइकाला दिली तर बाबा हातावर वेताची छडी ओढायचे. मी ती वात राख आणि लिंबू लावून घासली, घासली, अशी चकचकीत केली की कौसरने तिच्यात आपलं तिळाएवढं प्रतिबिंब पाहिलं. तार गुंडाळून बटण दाबलं, तर वेटोळं थंडच. वीज सगळी जाळीतून पळाली आणि बॅटरीने डोळा मिटला. वहीब इंजिनीअर टाळी वाजवून म्हणाले, "फहमीमियाँ, तो काळा थरच तर विजेला अडवतो! तुम्ही भिंत पाडलीत आणि वर रंग दिलात!" त्या दिवशी दुकानातल्या तिघांनी मला पाणी विचारलं, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समज.

घरी येऊन मी दोन ओळी रचल्या:

चूल विझली, तळ उठला, दगड तेवढे काळे राहिले;
जाळी मात्र काळी झाली, तेव्हाच तिला ओठ फुटले.

कौसर म्हणाली, "धूर सोडायचात तेव्हा निदान खिडकी उघडता यायची. कवितेला काय उघडू?"

तिसऱ्या वातीसाठी बिशोयकडे जाळीच उरली नव्हती. त्याचा माल बंदरावर कस्टममध्ये अडकला होता. वहीब म्हणाले, सोडा आता, कापूस घ्या, वयाला शोभतो. मला उत्तम जाळी लागणार होती, इंचाला चारशे धाग्यांची, आणि तशी जाळी अख्ख्या अलेक्झांड्रियात कुठे आहे हे मला ठाऊक होतं. (यावर पुढे.)

ताई, ती जाळी हातात घेतली आणि बोटांना सगळं आठवलं. कडेचे सुटे धागे एकेक उपटून काढले. वात काडेपेटीच्या काडीएवढी गुंडाळली, आत सुईपुरता जिना ठेवला. आठ वेळा जाळली, आठ वेळा बुडवली, आणि यावेळी घासायची खाज आली तेव्हा दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. मग तारेचे चार वेढे. बटण दाबलं तर वरचा एकच वेढा पेटला. सुईने हलकेच, झोपलेल्या बाळाच्या कानावरचा केस सारावा तसा सारला. परत दाबलं. मग मधून उजेड उमलला आणि चारही वेढे एकसारखे केशरी झाले. मी ते दुकानात नेलं आणि वहीब इंजिनीअरांच्या हातात दिलं.

त्यांनी ओढलं. वाफ सोडली. पुन्हा ओढलं. परत द्यायचं विसरले. मग आपल्या कपातला साखरेचा खडा माझ्या कपात टाकला (बंदरावरच्या माणसाला यापलीकडे नमता येत नाही) आणि म्हणाले, "उस्ता फहमी, माझ्या टाकीचं तेवढं बघाल का?"

उस्ता! बहात्तराव्या वर्षी! ताई, मी उत्तर द्यायच्या आधी मागे वळून पाहिलं, बाबा आले की काय म्हणून. आता रोज संध्याकाळी माझी खुर्ची राखीव असते. लोक मन्सूरापासून टाक्या पाठवतात. दोन तरुण वकील तर माझ्या हाताचा व्हिडिओ काढून गेले. फक्त हाताचा, पण हात माझाच.

असो. बाळाच्या कपाळाची माझ्याकडून पापी घे. खलबत्ता वाजवताना 'आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस' एवढं सांगून थांब, नातीच्या सासरच्या तक्रारी सांगत बसू नकोस, बाळ घाबरेल.

तुझा,
उस्ता फहमी अल-गराबली
(पाकिटावरही असंच लिहिलं आहे, तुझ्या जावयाने वाचावं म्हणून.)

ता. क. चाळण याच पत्राबरोबर तुझ्या जावयाच्या हाती पाठवतो आहे. बायका जमायच्या आत तिच्यात पांढरी चादर अंथर. जाड अंथर.

ता. क. चादर का, ते सांगतो. काठाशी, गुलाबी फितीखाली, चार बोटं लांब आणि तीन बोटं रुंद अशी एक खिडकी झाली आहे. बाळाला धोका नाही, खालच्या चामड्याच्या पट्ट्या मी ओढून पाहिल्या आहेत, त्या तुझ्या-माझ्यापेक्षा मजबूत आहेत.

ता. क. पत्र फाडण्याआधी हे वाच. अल्लाची शपथ, मी जाळी कापलेली नाही. बाबांनी तिथे स्वतः लावलेलं जुनं ठिगळ तेवढं तिसऱ्या वातीसाठी उसवलं. मी सहा वर्षांचा असताना पडलेलं ते भोक. बाबांनी माझ्याजवळ कात्री पाहिली, मला छडीने मारलं आणि शाळेत घातलं. त्या दिवशी तुझ्या बाहुलीचं लग्न होतं आणि नवरीच्या डोक्यावर चांदीसारखी जाळीची ओढणी झळकत होती, हे मी तेव्हाही पाहिलं होतं. सहासष्ट वर्षं बोललो नाही, आताही बोलणार नाही. छड्या चारच होत्या आणि कविता मला आयुष्यभर पुरल्या. तेव्हा बायकांनी विचारलंच, तर भोक बाबांच्या काळातलं आहे असं सांग. ते खरंच आहे.

ता. क. ती ओढणी अजून तुझ्या पेटीत असेल तर जावयाच्या हाती पाठवून दे. दोन वाती सहज होतील, आणि वहीब इंजिनीअर वाट बघताहेत.